गाडीची उजवी बाजू

लिहिण्याचा मला अधिकार आहे असं वाटत नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. बाबा सही करायचे, तीही एकेक अक्षर सुटं सुटं काढून. आई अंगठा लावायची. पुस्तकात लिहिणारी माणसं कोणी वेगळीच असतात असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. शिवाय मी सांगणार आहे ती गोष्ट एका गाडीची आहे, आणि त्या गाडीत मी एकदाही बसलेलो नाही. पण तिच्या एका बाजूला माझ्या हातून जे झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मी अजून घराबाहेर कोणाला सांगितलेलं नाही. जमेल तसं सांगतो.

बाबा मुंबईत एका गॅरेजात गाड्या रंगवायचे. तिथे त्यांना मिस्त्री म्हणत आणि गावातही तेच नाव राहिलं. मी अकरावीत असताना गॅरेजच्या मालकाने त्यांना घरी बसवलं. म्हणाला, हात थरथरतो आणि लक्षात राहत नाही. बाबांचा उजवा हात सकाळी थोडा थरथरायचा, हे खरं होतं. पण स्प्रे गन हातात घेतली की थांबायचा, हेही तितकंच खरं होतं. मालकाला हे दुसरं खरं बघायला वेळ नव्हता. बाबा गन कापडात गुंडाळून घरी घेऊन आले आणि खाडीच्या बाजूच्या आमच्या तीन खाचरांत काम करू लागले. भात झोडताना ते कोणाशी बोलत नसत.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा, शिमग्यानंतर, एके दिवशी ट्रकमधून ती गाडी आली. मुंबईच्या एका म्हाताऱ्या साहेबांची होती. त्यांच्या गाड्यांना बाबांशिवाय कोणी रंग लावलेला नव्हता. दोन माणसांची, वर टप नसलेली, जमिनीला टेकल्यासारखी बसकी स्पोर्ट्स कार. चाकांना सायकलसारख्या तारा. रंग जागोजागी उडालेला, दाराखालचा पत्रा गंजून चाळणी झालेला. ट्रकवरून फळ्या लावून ती खाली उतरवली तेव्हा अर्धा गाव जमला होता.

"मिस्तरी, होडी आनली काय? डोलकाठी कुठं ऱ्हायली?"

"पावसात खाडीत सोडा, पोचेल मुंबईला!"

बाबा हसले. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

साहेब स्वतः आले होते, पुतण्याला घेऊन. आमच्या ओटीवर बसून त्यांनी सगळं स्पष्ट सांगितलं. पुतण्या जुन्या गाड्यांचं वर्कशॉप काढणार होता. रंगाच्या कामावर कोणाला बसवायचं यावरून काका-पुतण्यांत वाद होता. पुतण्याचं म्हणणं, हा माणूस संपला. साहेब म्हणाले, "मिस्त्री, ही गाडी पावसाळ्याआधी तुमच्या घरी, तुमच्या हाताने करा. ती बघून हा गप्प बसेल. मग तुम्ही याच्या वर्कशॉपमध्ये खुर्चीत बसून नुसतं शिकवलंत तरी चालेल."

पुतण्या विहिरीकडे बघत उभा होता.

अंगणात बाबांनी मांडव घातला. वरून झावळ्यांचा कचरा पडू नये म्हणून खाली आईची जुनी लुगडी ताणून बांधली. बाजूंना पोती लावली, ती ओली ठेवायची म्हणजे धूळ बसते. गंजलेला पत्रा कापून बाबांनी नवा तुकडा बसवला, लाकडी हातोडीने पोचे काढले. आई चाकाची एकेक तार नारळाच्या काथ्याने आणि राखेने घासायची आणि म्हणायची, "भांडीपन मी येवढी घासली नाय कधी." पत्रा उघडा झाल्यावर त्यावर अस्तराचा रंग, खड्ड्यांत लांबी म्हणजे भरणीचा लगदा, पुन्हा अस्तर. आणि प्रत्येक थरानंतर पाण्यात भिजवलेल्या कागदाने घासणं. त्याला वॉटर पेपर म्हणतात. बोटांची सालं निघेपर्यंत घासायचं, पाणी ओतायचं, हात फिरवून बघायचं, पुन्हा घासायचं. ते काम माझं होतं.

पहिल्याच दिवशी बाबांनी मला बजावलं, "ज्या पान्यात डाल शिजत नाय ते पानी गाडीला लावायचं नाय."

हा नियम त्यांच्या उस्तादाचा होता. आमच्या घरची विहीर मचूळ. पावसानंतर ठीक असायची, पण उन्हाळा लागला की खाडीचं पाणी आतून चढायचं. तिचं पाणी आंघोळीला, कपड्यांना, गुरांना. डाळ त्यात रात्रभर ठेवली तरी दगड. म्हणून डाळीपुरतं आणि पिण्यापुरतं पाणी आई मैलभरावरच्या गास गावातल्या एका वाडीतून आणायची. तिथली विहीर गोड्या पाण्याची. वाडीच्या मालकीणबाई, त्यांना सगळे बाय म्हणत, ख्रिस्ती होत्या, मोठ्या मनाच्या आणि त्याहून मोठ्या तोंडाच्या. मी सायकलला दुधाचे दोन कॅन अडकवून दिवसातून चार खेपा करू लागलो, तेव्हा त्या केळीतून ओरडायच्या:

"काय रे पोरा, आज परत? गाडी आहे का नवरदेव? लग्न कधी त्याचं?"

"पावसाच्या आधी, बाय."

"मग आम्हाला आमंत्रण दे. पाणी आमचं आहे!"

मला ते लागायचं नाही. लागायचं ते रस्त्यावरचं. कॉलेजातली दोन मुलं त्याच रस्त्याने यायची. त्यांतला एक म्हणाला, "काय, केमिस्ट्री सोडून दूध घालायला लागलास?" मी हसलो. कॅनमध्ये पाणी आहे हे सांगितलं असतं तर कशासाठी तेही सांगावं लागलं असतं.

बॉनेट, मागचा भाग आणि उजवी बाजू मी गोड्या पाण्याने घासली. मग माझी परीक्षा आली. ज्या दोन दिवसांत डाव्या बाजूचं दार आणि त्याच बाजूचे पुढचा-मागचा असे दोन्ही मडगार्ड घासायचे होते, त्याच दोन दिवसांत माझे पेपर होते. बाबा ते दोन्ही दिवस साहेबांकडून गनला हवा देणारा कॉम्प्रेसर आणायला मुंबईला गेले होते. मी पेपर देऊन घरी आलो, सायकलकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. आमची विहीर पंधरा पावलांवर होती.

मी काय विचार केला तो मला शब्दाशब्दाने आठवतो. मी विज्ञानाचा विद्यार्थी. मी म्हटलं, पाणी तर उडूनच जातं. दुपारच्या उन्हात दहा मिनिटांत पत्रा कोरडा होतो. मग गोडं काय आणि मचूळ काय?

हे मी मिठागरांकडे तोंड करून म्हणालो. आमच्या अंगणातून ती दिसतात. खाऱ्या पाण्याचं पाणी उडून जातं आणि मागे काय राहतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या दोन दुपारी ते फक्त मला ठाऊक नव्हतं.

बाबांनी परत आल्यावर डाव्या दारावरून तळवा फिरवला. "चांगलं झालंय," म्हणाले. "पानी?"

"आणलं," मी म्हणालो.

एवढंच खोटं. एकाच शब्दाचं.

वैशाखातल्या एका दुपारी, वारा पडल्यावर, बाबांनी रंग मारला. गडद हिरवा, केळीच्या जून पानासारखा. पुढून मागे, उजवीकडून डावीकडे, अख्खी गाडी एका बैठकीत. कॉम्प्रेसरची तीच टाकी, तोच रंग, तोच हात. मी मांडवाबाहेर उभा राहून पोत्यांच्या फटीतून बघत होतो. त्यांचा हात पाण्यावरून बगळा जावा तसा सरकत होता. कुठेही थरथर नाही. आई माझ्यामागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "आता झाला बरा तुझा बाप."

बारा-तेरा दिवस गाडी आरशासारखी होती. लोक तिच्यात भांग पाडून बघायचे. बाबांनी साहेबांना निरोप पाठवला, गाडी तयार आहे.

मग हवा दमट झाली. आभाळ भरून यायचं आणि तसंच राहायचं. एका सकाळी बाबा डाव्या दारापाशी उकिडवे बसलेले दिसले. मी जवळ गेलो. दारावर राईएवढे फोड होते, दहा-पंधरा. दुपारपर्यंत मडगार्डावरही आले. दुसऱ्या दिवशी मोजता येईनात. देवी आलेल्या माणसाच्या गालासारखी ती बाजू दिसू लागली. बाबांनी नखाने एक फोड उघडला. आत पाण्याचा थेंब होता.

मी तो थेंब चाखून बघायला हवा होता. बाबांसमोर चाखून सांगायला हवं होतं. मी चाखला नाही.

बाबांनी तो थेंब बोटाने पुसला. मग म्हणाले, "टाकीतलं पानी."

कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेतलं पाणी साठतं. रंग मारण्याआधी टाकीखालचा नळ सोडून ते काढावं लागतं, नाहीतर हवेबरोबर गनमधून रंगात जातं आणि पुढे फोड येतात. नवशिक्यालाही हे पहिल्या दिवशी शिकवतात.

"नल सोडला का मी त्या दिवशी?" त्यांनी आईला विचारलं. मला विचारलं. "कोनी बघितलं का?"

आम्ही कोणीच बघितलं नव्हतं.

"मना आठवत नाय," ते म्हणाले. "खरंच आठवत नाय." ते तीन-चार वेळा तेच म्हणाले. मालकाने दोन गोष्टी सांगितल्या होत्या, हात थरथरतो आणि लक्षात राहत नाही. पहिलीवर त्यांनी कधीच विश्वास ठेवला नव्हता. त्या सकाळी दुसरीवर ठेवला.

"उजवी बाजू चांगली आहे, बाबा," मी म्हणालो.

"उनाची बाजू आधी फुटते. गाडीचं डावं अंग उनाला होतं. उजवीपन फुटेल. टाकी एक, हात एक. पावसात तर फुटेलच."

ते सगळा रंग खरवडून पुन्हा करायला निघाले होते. डबा उघडलाही होता. पण दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन पुतण्या आला. निरोप पोचला होता ना, गाडी तयार आहे म्हणून. त्याने डावी बाजू पाहिली. तो वाईट बोलला नाही, हेच जास्त वाईट झालं. म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या वयाला हे व्हायचंच. काकांना मी समजावीन." बाबांनी पंधरा दिवस मागितले. त्याने मान हलवली आणि माणसांना फळ्या लावायला सांगितलं. गाडी उलटी चढवली. उजवी बाजू माझ्याकडे होती. वळणापर्यंत ती चमकताना दिसत राहिली.

त्या पावसाळ्यात बाबांनी मांडवाची लाकडं चुलीत घातली. आईने घराच्या दाराला हिरवा रंग लावायला सांगितलं, तर ब्रश माझ्या हातात दिला. म्हणाले, "तू लाव. माझ्या हातचं टिकत नाय."

मी आषाढात कबूल केलं. चूल पेटलेली होती, आई भाकऱ्या थापत होती. मी सगळं सांगितलं: दोन पेपर, दुधाचे कॅन, आमची विहीर. सांगताना मी रडलो. बाबांनी ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मारासाठी तयार होतो, त्या हातासाठी नव्हतो.

"बाला, बापाला बरं वाटावं म्हनून खोटं बोलू नये."

"खोटं नाही, बाबा! मी खरंच..."

"मी इचारलं तेव्हा तू आनलं बोललास. तू माझ्याशी कधी खोटं बोलला नाय. मग आताच बोलतोस ना?"

मी आईकडे पाहिलं. ती तव्याकडे पाहत होती. माझ्या आयुष्यभराच्या खरेपणाने माझाच गळा धरला होता.

दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये आम्हाला पाण्यातलं मीठ ओळखायला शिकवलं. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. मीठ असेल तर पाणी पांढरं होतं. मी बाटलीकडे बघत राहिलो. नंतर सरांना भीत भीत विचारलं, थोडं घरी नेऊ का. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, वडिलांना दाखवायचं आहे. सरांनी काळ्या बाटलीत बोटभर दिलं.

घरी मी दोन पेले मांडले. एकात बायच्या वाडीचं पाणी, एकात आमच्या विहिरीचं. पावसाळा होता, तरी घरच्या पाण्यात थेंब पडताच दही नासावं तसं झालं. वाडीच्या पाण्यात नुसतं धुकं आलं. उन्हाळ्यात तर हे दसपट असतं, मी म्हणालो. हेच त्या दारावर सुकलं, बाबा. हेच रंगाखाली होतं, दमट हवेतलं पाणी यानेच ओढून घेतलं.

बाबांनी दोन्ही पेले उचलून उजेडात धरले. कामाचा माणूस जसा बघतो तसे बघत होते. क्षणभर मला वाटलं, पटलं. मग त्यांनी पेले खाली ठेवले.

"पानी खारं हाय, हे मना ठावं हाय. त्याच पान्यानं तू घासलंस, हे कोन सांगनार?"

मी काळ्या बाटलीचं बूच लावलं.

"एकच गोष्ट सांगेल. उजवी बाजू. एक पावसाला काढून ती शाबूत ऱ्हायली, तर माझ्या टाकीत पानी नव्हतं. मग मी मानीन. ती फुटली, तर तू बापासाठी गोड खोटं बोललास."

त्या औषधाने माझी बोटं आठवडाभर काळी राहिली. घासून जात नव्हती.

मी साहेबांना पत्र लिहिलं. इंग्रजीत, डिक्शनरी मांडीवर घेऊन, तीनदा कच्चं काढून. आदरणीय साहेब, चूक माझी आहे, वडिलांची नाही. कृपा करून एवढंच कळवा, गाडीची उजवी बाजू कशी आहे? उत्तर आलं नाही. दिवाळीनंतर दुसरं लिहिलं. मग तिसरं. पोस्टमन दुरून दिसला की मी बांधावर जाऊन उभा राहायचो. तो लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून. पुढे पुढे तोही हात हलवेनासा झाला, मान खाली घालून जायचा. एकदा मी त्या पत्त्यावर मुंबईला जाऊनही आलो. दाराला कुलूप होतं. खालच्या माणसाने सांगितलं, साहेब आजारी आहेत, पुतण्याने दुसरीकडे नेलंय, कुठे ते माहीत नाही. गाडी? गाडी इथे नाही.

उन्हाळा गेला, दुसरा पावसाळा आला. पावसाची जोराची सर आली की बाबा ओटीवर येऊन उभे राहायचे. शेजाऱ्यांना वाटायचं भाताकडे बघतात. मला माहीत होतं ते कुठली बाजू बघतात. मी आत पुस्तक उघडून बसायचो आणि तेच पान तासभर वाचायचो. देवाजवळ मी दुसरं काही मागत नव्हतो, पास होणंसुद्धा नाही. हिरव्या रंगाचा एक पत्रा, एवढंच.

त्याच पावसाळ्यात बाबा विरारला मनवेलपाड्यात एका बांधकामावर वॉचमन म्हणून लागले. सिमेंटच्या गोणींवर लक्ष ठेवायचं. बाबा जायच्या आधी आईने विचारलं, "गन विकून टाकू का? पडून सडतेय." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे." थोड्या वेळाने म्हणाले, "नायतर विक." तिने विकली नाही. मी पाहिलंय, ती गनला खोबरेल तेलाचं बोट लावून परत गुंडाळून ठेवायची.

नवरात्र संपलं होतं. मी तिसऱ्या वर्षाला होतो. बांधावर उभं राहायचं मी सोडून दिलं होतं. त्यामुळे पोस्टमनच घरापर्यंत आला आणि सायकलवरून न उतरता म्हणाला, "घे बाबा एकदाचं." पाकिटावर टाइप केलेला पत्ता होता. मी ते फोडलं नाही. फोडायची हिंमत नव्हती, आणि ते माझं एकट्याचं नव्हतंच. सायकल काढली आणि विरारपर्यंत मारत नेली. वाटेत बायच्या वाडीवरून गेलो, त्या ओरडल्या, "आज कॅन कुठे, रे?" मी पायडल मारत राहिलो.

बाबा रेतीच्या ढिगाजवळ पत्र्याच्या खुर्चीवर बसले होते. अंगात खाकी शर्ट, त्यांच्या मापाचा नसलेला. मला पाहून उभे राहिले. माझ्या हातातलं पाकीट पाहिलं आणि परत खाली बसले.

"वाच," म्हणाले. "पयलं तू वाचू नको. वाचत वाचतच सांग."

मी फोडलं. पत्र पुतण्याचं होतं. मी एकेक वाक्य वाचून आमच्या भाषेत सांगत गेलो. काका श्रावणात वारले. त्यांच्या कागदांत तुमची तीन पत्रं सापडली. त्यांनी ती वाचली होती की नाही, ठाऊक नाही.

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

वर्कशॉप मी काढलं नाही, काढणारही नाही. गाडी विकली.

"पुढं."

डावी बाजू मी मुंबईत दुसऱ्या पेंटरकडून करून घेतली. रंग जुळला नाही, म्हणून पुन्हा करून घेतली. तरी जुळला नाही. नवा मालक गाडी घ्यायला आला, तेव्हा त्याने दोन्ही बाजू नीट पाहिल्या आणि विचारलं, उजवी कोणी केली.

बाबांचा हात थरथरत होता. तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरला.

"उजवी," ते म्हणाले. "उजवीचं काय लिवलंय?"

शेवटची ओळ मी आधी इंग्रजीत वाचली, मग मराठीत, आणि मग ते पुन्हा म्हणाले म्हणून पुन्हा मराठीत: उजव्या बाजूला मी कोणाला हात लावू दिला नाही, दोन पावसाळे ती बाहेर उभी होती, आणि तिच्यावर एकही फोड नाही.